बदलीचं पत्र

पत्र त्रिभुवन पाळकांनी स्वतः लिहिलं, निळ्या शाईनं:
पत्रवाहक कु. तबिथा दुशिंग आमच्या मंडळीची सभासद असून
वर्तणूक चांगली आहे. आपल्यात सामील करून घ्यावे.
खाली शिक्का, थोडा तिरका.
कुणाच्या नावे, ते कोरं सोडलं.
म्हणाले, पुणं मोठं आहे, तू बघ.

हा अकरावा रविवार.
नाइट संपवून, तोंडावर पाणी मारून
मी बघत फिरते.

कॅम्पातल्या दगडी चर्चमध्ये गारवा होता,
ऑर्गन पोटात वाजत होता.
भिंतीवर मेलेल्या गोऱ्यांच्या संगमरवरी पाट्या:
लेफ्टनंट, वय तेवीस, ताप.
कुणाची बायको, वय एकोणीस, आणि तिचं बाळ, दिवस चार.
उपदेश इंग्रजीत चालला होता, मी केसपेपर वाचावेत
तशा पाट्या वाचत गेले.
वेळेवर सलाइन लागलं असतं तर,
असं एकेकाबद्दल वाटत राहिलं.
निघताना दारात एकानं हात मिळवला. हात मऊ होता.
पुढचं त्याला सुचलं नाही, मलाही.

वडगाव शेरीत, टाइल्सच्या दुकानाच्या वर,
देवाला ड्रम लागतात.
नवीन कोण आलंय, हात वर करा!
केला. टाळ्या. एक पेन, एक चॉकलेट,
एक फॉर्म, नंबरासकट.
मग आठवडाभर पहाटे चारला खिशात आशीर्वाद थरथरायचे,
नेमके सात नंबर बेडचं बी.पी. पडत असताना.
पेन मात्र चांगलं आहे. चार्ट त्यानंच भरते.

रूममेट शीबा तिच्या चर्चला घेऊन गेली.
चपला बाहेर, डोक्यावर ओढणी, धूप,
तीन तास मल्याळम.
एक शब्द कळला नाही, एकदाही कंटाळले नाही.
बाया उभ्या राहिल्या की मी उभी.
नंतर अप्पम, अंड्याचा रस्सा.
शीबा म्हणाली, इथंच येत जा की.
पण मी रडेन तेव्हा कुठल्या भाषेत रडेन,
ते मला ठाऊक आहे.

मग नाना पेठ. मराठी!
बसायच्या आधीच मागून:
दुशिंग? नेवाशाचे की जालन्याकडचे? मामा कुठले?
दुसऱ्या गीतापर्यंत माझा पगार निघाला,
प्रभुभोजनापर्यंत एक मुलगा, महापालिकेत, पर्मनंट.
चाली आमच्याच, पण इथं धावत म्हणतात.
गावाकडं शेवटच्या ओळीवर आम्ही थांबून राहायचो,
म्हातारी माणसं पोचेपर्यंत.
मी सवयीनं थांबले, एकटीच मागं उरले.
पुढच्या बाकानं वळून पाहिलं.
पत्र पर्समध्ये होतं. काढलं नाही.

एका रविवारी गेलेच नाही कुठं. झोपले.
अपराधी वाटेल म्हणून वाट पाहिली,
तर नुसती भूक लागली.

आणि आज हडपसर, कॅनॉलच्या कडेला,
पत्र्याखाली तीसेक माणसं, सतरंज्यांवर.
पाळक ओरडत नव्हते. पंखा खडखडत होता.
कुठल्या वचनावर डोळा लागला, सांगता येणार नाही.
जाग आली तेव्हा उपासना संपून गेलेली,
मुलं सतरंज्या गुंडाळत आमच्यापर्यंत येऊन थांबलेली,
आणि माझं डोकं एका अनोळखी बाईच्या खांद्यावर.
तिच्या पदराला खोबरेलाचा आणि फिनेलचा वास.
माझी पर्स तिच्या मांडीवर.
दानाची थैली तिनं माझ्यावरून
गपचूप पुढं दिली असणार.

सॉरी म्हणाले.
ते राहू दे, म्हणाली, आधी हात ओढ माझा, मुंग्या आल्यात.
ओढला. बोटं चोळली. सवयीनं नाडीही बघितली.
बहात्तर.

नाव विचारलं नाही तिनं, मामाही नाही.
गळ्यातलं हॉस्पिटलचं कार्ड वाचलं असेल
मी झोपले होते तेव्हा.
चपलेत पाय घालता घालता म्हणाली,
पुढच्या रविवारी ड्युटी कुठली?